रॉटरडॅमची मोरी

तिसरी पुरी ताटात तशीच ठेवून रुचिताने सांगून टाकलं की आज साडेतीनला तिचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल आहे, आणि साहेब ज्या कागदावर सही मागतोय त्यावर ती सही करणार नाही. नाही केली तर जूनमध्ये संपणारं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढेलच असं नाही. आणि कॉन्ट्रॅक्ट नाही तर रॉटरडॅममध्ये राहायची परवानगीही नाही. एवढं बोलून तिने आमरसाची वाटी तोंडाला लावली.

तिच्या आईच्या, गिरिजाच्या, हातातला झारा कढईवर थांबला आणि आतली पुरी काळी पडली. या पोरीला बातमी कधी सांगायची ते कधीच कळलं नाही. आर्किटेक्चरला जाणार हे तिने वडलांना ऐन विसर्जनाच्या रांगेत सांगितलं होतं, आणि परदेशी जाणार हे चुलतभावाच्या हळदीत. आज एक मेची सुट्टी म्हणून नणंद शकूताई घोडबंदरहून बस बदलत आल्या होत्या, धाकटा दीर गोवर्धन मीरा रोडहून स्कूटरवर आला होता, परवा रविवारी पोरगी परत जायची म्हणून पायरी आंबे खास आणले होते. आणि आता हे.

"कसला कागद?" रुचिताच्या वडलांनी, दशरथने, विचारलं. वीज कंपनीत तेहतीस वर्षं काढलेला माणूस. कागद म्हटलं की त्याचा घास अडतो.

रुचिताने सांगितलं. तिने काढलेल्या इमारतीला बक्षीस मिळालंय. नदीकाठी म्हाताऱ्या माणसांसाठी चौसष्ट घरं, पाच मजले. बक्षिसाचं पुस्तक आज छापायला जाणार. त्यात साहेबाने इमारतीबद्दल चार पानं लिहिलीत आणि हे सगळं खरं आहे म्हणून प्रोजेक्ट आर्किटेक्टची, म्हणजे तिची, सही हवी. चार पानांत एक शब्द चुकीचा आहे.

पाच मजले हे ऐकून गिरिजाचं तोंड उतरलं. समोरच्या अल्पेशच्या मम्मीला तिने चाळीस माळ्यांचा टॉवर सांगितला होता. तोही दोन वर्षं.

"एक शब्द?" गोवर्धन म्हणाला. "एका शब्दासाठी नोकरी घालवणार? कुठला शब्द?"

"मोरी."

गोवर्धनने हातातल्या पुरीनेच स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे खूण केली. तिथे, जेवायच्या टेबलापासून चार पावलांवर, या घरातली मोरी होती: करड्या लाद्या, कोपऱ्यात जाळी, एका बाजूला बसण्याइतका उंच कठडा, आत पालथं घातलेलं पातेलं.

"ही?"

"हीच. प्रत्येक घरात एक. चौसष्ट."

गोवर्धन हसत सुटला. वहिनी, ऐका, आपली रुची रॉटरडॅमला मोऱ्या बांधते, असं म्हणून तो पुन्हा हसला. गिरिजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मोरी तिला घरात नकोच होती. गेल्या दिवाळीत सुताराला बोलावून तिने त्या कोपऱ्याचं माप दिलं होतं. मोरी जाणार, तिथे मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या येणार, वॉशिंग मशीन येणार. आणि पोरगी तीच सातासमुद्रापलीकडे नेऊन बांधतेय.

"मग चूक काय आहे त्याच्यात?" शकूताईंनी विचारलं. त्या पंचाहत्तरीच्या, कानाने तिखट, आणि मुद्दा सोडायची त्यांना सवय नव्हती.

"तो म्हणतो मोरी जपानी शब्द आहे. जपानीत मोरी म्हणजे जंगल. त्यावर त्याने दोन पानं लिहिलीत. जंगलातून पाणी कसं वाहतं वगैरे."

"बरं लिहिलंय की," गोवर्धन म्हणाला. त्याची मीरा रोडला इस्टेट एजन्सी होती आणि शब्दांची किंमत आपल्यालाच कळते असा त्याचा समज होता. "हे बघ, आजकाल मोरी म्हटलं की गिऱ्हाईक उठून जातं. आम्ही कुठे मोरी म्हणतो? आम्ही ड्राय बाल्कनी म्हणतो."

"घरातली सगळ्यात ओली जागा, काका. आणि नाव ड्राय."

"पण विकली जाते ना?"

"तुम्ही ड्राय म्हणता, तो जपानी म्हणतो. मोरीला मोरी कोणीच म्हणत नाही. मी म्हणणार."

दशरथ हात धुवायला उठला. आमरस तसाच राहिला होता.

बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ बसले. गोवर्धनने आवाज खाली आणून दादाला समजावलं की पोरीचं डोकं उन्हाने फिरलंय, आता तूच सांग. सही करून टाकावी, परवानगी पक्की व्हावी, मग काय तो शब्द पुढच्या पुस्तकात बदलावा. आणि अगदीच झालं तर घोडबंदरला ओळखीचा बिल्डर आहे, तिथे चिकटवतो. दशरथ मान डोलावत राहिला. त्याला सगळं पटत होतं. पोरीच्या शिक्षणापायी या घराने चार वर्षं कुठल्याच गोष्टीला हात लावला नव्हता, रंगसुद्धा नाही. तिकडे तिचं बस्तान बसलंय, हीच एक गोष्ट तो संध्याकाळी कट्ट्यावर ताठ मानेने सांगत असे.

पण डोक्यात मात्र ती मोरी घुसली होती. ती त्याने बांधली होती.

दोन हजार एक साल. आई गावाहून कायमची इथे आली तेव्हा तिचे गुडघे गेलेले. बाथरूमची पायरी तिला चढता येईना. मग दशरथने गवंडी बोलावला आणि स्वयंपाकघराचा कोपरा फोडला. एक बाजू सपाट, म्हणजे आईला स्टुलासकट सरकवता येईल. एका बाजूचा कठडा उंच, म्हणजे अंघोळ घालणाऱ्याला बसता येईल. उताराबद्दल गवंड्याशी भांडण झालं तेव्हा पाच वर्षांच्या रुचीची काचेची गोटी घेऊन दशरथने ती चारी कोपऱ्यांतून सोडून बघितली. जिथून सोडावी तिथून जाळीपाशी गेली पाहिजे. दोनदा लाद्या उखडायला लावल्या. तिसऱ्यांदा गोटी गेली.

आणि मग खाली पहिल्या माळ्यावर पाणी झिरपलं, सोसायटीची नोटीस आली, मीटिंग बसली. ते भांडण या घराण्यात अजून सांगितलं जातं, फक्त दशरथ स्वतः सांगत नाही. त्याला त्याची लाज वाटते, कारण त्या दिवशी तो ओरडला होता.

स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येऊ लागला. दशरथ उठला आणि दारात जाऊन उभा राहिला.

शकूताई मोरीत पाटावर बसून आमरसाचं पातेलं घासत होत्या. गिरिजाने सिंकमध्ये घासा म्हणून दोनदा सांगितलं होतं, पण उभं राहून भांडी घासणं त्यांना कधीच जमलं नाही. उंच कठड्यावर रुचिता बसली होती, पाय आत सोडून. ती बोलत होती आणि आत्या ऐकत होत्या. दारातल्या बाबांकडे तिची पाठ होती.

तिथे गेल्याच्या पहिल्या हिवाळ्यात काय झालं ते ती सांगत होती. भाड्याच्या घरात तिने शनिवारी बाथरूम धुतलं. आपण धुतो तसं, दोन बादल्या पाणी ओतून, खराट्याने. बाथरूमला खाली जाळीच नव्हती. ते लोक जमीन पुसतात, धूत नाहीत. सगळं पाणी खालच्या घरात, एका म्हातारीच्या जेवायच्या टेबलावर.

"बाई गं," आत्या म्हणाल्या. "भांडली?"

"वर आली. मी रडायच्या बेतात. तर ती माझ्या बाथरूमकडे बघत म्हणाली, तुला टबात चढता येतं ना अजून? तिला दोन वर्षं येत नव्हतं. किचनच्या सिंकपाशी उभी राहून ओल्या फडक्याने अंग पुसायची. दोन वर्षं अंगावर पाणी घेतलं नव्हतं तिने, आत्या."

शकूताईंचा हात थांबला.

"मला आजी आठवली. इथे बसलेली. डोक्यावरून तांब्या ओतला की म्हणायची, बरं वाटलं गं. म्हणून मी काढली मोरी. बाबांनी केली होती तश्शी. एक बाजू सपाट, कठडा, उतार. साइटवर गोटी घेऊन जायचे. चौसष्ट ठिकाणी सोडून बघितली, आठ ठिकाणी फरशी उखडायला लावली. तिथल्या मुकादमाला आधी हसू यायचं. मग तोच रोज विचारायला लागला, आज खोटी आणलीस का?"

"खोटी?"

"त्यांना ग म्हणता येत नाही. घशातून ख काढतात. गोटीची खोटी." ती हसली, मग हसू गेलं. "महिनाभर मजा वाटली. मग वाटेनाशी झाली. कारण खोटी मीच होते. पहिल्या मीटिंगला नकाशावर मी मोरी लिहिलं होतं, इंग्रजीत. त्या लोकांनी विचारलं, हे जपानी का? सगळे एकदम कौतुकाने बघायला लागले. आणि मी मान हलवली. साहेबाने नाही सांगितलं जपानी, आत्या. मी सांगितलं. माझ्या घरची मोरी म्हणायची मला लाज वाटली."

पातेल्यात पाणी भरून वाहू लागलं होतं. आत्यांनी नळ बंद केला. त्यांनी भाचीची समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "लाज तुला एकटीला नाही वाटली. या घरात सगळ्यांना वाटते. ज्याने बांधली त्यालासुद्धा." आणि दाराकडे बघून, आवाज जरासा चढवून, "नाही का रे दशरथ?"

रुचिता वळली. बाबा दारात उभे होते. किती वेळ ते तिला कळलं नाही.

"मीटिंगला काय म्हणालास ते सांग तिला," शकूताई म्हणाल्या.

"जाऊ दे ना ताई."

"मग मी सांगते. चेअरमन म्हणाला, महिन्याच्या आत तोडा. तुझा बाप, जो ऑफिसात साहेबापुढे मान वर करत नव्हता, तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, माझी आई तिथे बसून अंघोळ करते. तोडायची असेल तर तिला उचलून बाजूला करायला तुम्ही या, मी दार उघडं ठेवतो. कोणी आलं नाही."

"मी स्वतः दोनदा वॉटरप्रूफिंग केलं," दशरथ म्हणाला, जणू तेवढंच सांगण्यासारखं होतं. मग खुर्ची ओढून तो बसला. सही कर म्हणायला तो आला होता. ते शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. पोरीने आपली मोरी समुद्रापलीकडे चौसष्ट वेळा बांधली आणि आपल्याला चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं. आणि अभिमान इतका वाटला की बसावंच लागलं.

"परवानगी जाईल," तो शेवटी म्हणाला.

"जाईल कदाचित."

"मग जाऊ दे."

गोवर्धन मागून आला होता. दादा, तूपण, एवढंच तो म्हणाला आणि कपाळाला हात लावून परत हॉलमध्ये जाऊन बसला.

गिरिजा हे सगळं ओट्याशी उभी राहून ऐकत होती आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती. बापलेकीचं आणि नणंदेचं एक झालं होतं. नेहमीचंच. नऊ वर्षं सासूबाई या मोरीत अंघोळ करत होत्या. त्यात शकूताई आठवड्यातून दोनदा यायच्या, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. उरलेले पाच दिवस कोण होतं? कठड्यावर बसून वाकून वाकून जी कंबर गेली ती गेली. मोरी म्हटलं की लोकांना आई आठवते, तिला कंबर आठवते. पण हे बोलून दाखवायची तिची रीत नव्हती. तिने फक्त लॅपटॉपसाठी टेबल मोकळं करून दिलं.

साडेतीनला स्क्रीनवर साहेब आला. साठीचा, पांढऱ्या दाढीचा, बोलायला सौम्य. त्याने आधी हवापाणी विचारलं, मग म्हणाला की तासाभरात पानं छापखान्यात जातील, सही केलेला कागद अजून दिसत नाही. इंग्रजी सगळ्यांनाच थोडंथोडं कळत होतं. गोवर्धनसुद्धा उठून मागे येऊन उभा राहिला.

रुचिताने सांगितलं की शब्द जपानी नाही, मराठी आहे. पहिल्या मीटिंगला तिने खोटी मान हलवली होती, तेही तिने सांगितलं.

साहेब हसून म्हणाला की आता फार उशीर झालाय, आणि खरं सांगायचं तर जपानीच जास्त शोभतं. वाचणाऱ्याला त्यात एक परंपरा दिसते.

"परंपरा इथे आहे," ती म्हणाली. "कठड्याची उंची तुम्ही मला विचारली होती. पहिल्या नकाशात चौदा इंच का? मी उत्तर दिलं नव्हतं. माझी आई बुटकी आहे म्हणून चौदा. नऊ वर्षं ती तिथे बसून माझ्या आजीला अंघोळ घालत होती. तिच्या गुडघ्याच्या मापाने माझ्या वडलांनी कठडा बांधला. तुमच्या नर्स उंच, म्हणून मी तो सोळा केला. जपानमधल्या कुठल्या जंगलात बसली होती माझी आई, ते मला सांगा, मग करते सही."

गिरिजाला सगळे शब्द कळले नाहीत. माय मदर कळलं. नाइन इयर्स कळलं. गुडघ्याचं माप तर तिला माहीतच नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. दशरथ जमिनीकडे बघत होता. अवघडून त्याने एकदा मान हलवली, आणि ती मान खरी होती.

साहेबाचं हसू गेलं होतं. त्याने शांतपणे आठवण करून दिली की कॉन्ट्रॅक्टचा निर्णय त्यालाच घ्यायचा आहे. रुचिता म्हणाली की माहीत आहे. शब्द बदला, नाहीतर पुस्तकातून माझं नाव काढा. आणि छापताना हेही छापा की पहिल्यांदा खोटं मीच बोलले.

मग तिने लॅपटॉप उचलला आणि कोपऱ्याकडे फिरवला. "आत्या, पाणी ओत."

शकूताईंनी काही विचारलं नाही. बादली उचलून त्यांनी एका दमात सगळं पाणी लाद्यांवर ओतलं. पाणी पसरलं, कठड्याला लागलं, सपाट बाजूच्या कडेशी येऊन थांबलं, वळलं, आणि सगळंच्या सगळं जाळीत गेलं. टेबलाखालची फरशी कोरडी राहिली. पंचवीस वर्षं झाली होती त्या उताराला.

"दिस इज मोरी," रुचिता म्हणाली. साहेब बराच वेळ बघत होता. मग तो म्हणाला की छपाई सोमवारपर्यंत थांबवतो, बाकीचं सोमवारी बोलू, आणि स्क्रीन बंद झाला.

"म्हणजे नोकरी गेली?" गोवर्धनने विचारलं.

"सोमवारी कळेल."

"आणि रविवारचं विमान?"

"जाणार. काढायचंच असेल तर समोर बसवून काढू दे मला."

शकूताई बादली पालथी घालत होत्या. तेवढ्यात बेल वाजली. गिरिजा पदराला हात पुसत दाराशी गेली. अल्पेशची मम्मी होती, सकाळी दिलेल्या आमरसाचा डबा परत करायला आलेली. डब्यात तिने ढोकळा घातला होता. रस एकदम फर्स्ट क्लास होता, असं सांगून तिने आत डोकावलं.

"बेटी संडे को जा रही है ना? उसका टावर कंप्लीट हो गया क्या?"

गिरिजाने डबा हातात घेतला. तो तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"टावर नहीं है," ती म्हणाली. "पाँच माले का मकान है, बुड्ढे लोगों का. उसमें मेरी बेटी ने मोरी बनाई है."

"मोरी?" अल्पेशच्या मम्मीला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"हाँ, मोरी. मेरे नाप की." गिरिजाने दार पूर्ण उघडलं. "अंदर आओ, दिखाती हूँ."